बुटांच्या दुकानातले एक्स-रे यंत्र : लहान मुलाच्या पायावर हक्क कोणाचा?

१/ १९३० ते १९५५ या काळात अमेरिकेतल्या किंवा ब्रिटनमधल्या एखाद्या मोठ्या बुटांच्या दुकानात मुलाला घेऊन गेलेल्या आईला तेथे एक उंच लाकडी पेटी दिसे. खाली पाय सरकवण्यापुरती फट, वर डोळे लावून पाहण्यासाठी तीन झरोके. एक मुलासाठी, एक आईसाठी आणि एक विक्रेत्यासाठी. नवे बूट घालून मूल पायरीवर चढे, पाय फटीत सारी, विक्रेता कळ दाबी आणि तिघांनाही हिरवट उजेडात मुलाच्या पायाची हाडे दिसू लागत. बोटे हलवली की पडद्यावर हाडे हलत. मुलांना हा खेळ फार आवडे. काही मुले बूट घ्यायचे नसतानाही दुकानात शिरून पेटीत पाय घालीत.

२/ या पेटीत खरीखुरी एक्स-रे नळी होती. ती मुलाच्या तळव्यांखाली, अगदी जवळ बसवलेली असे. वर बसणाऱ्या तिघांच्या आणि तिच्या दरम्यान संरक्षण किती, हे यंत्राची बनावट आणि त्याची देखभाल यांवर अवलंबून होते. अमेरिकेत यंत्राला प्रामुख्याने फ्लोरोस्कोप म्हणत, ब्रिटनमध्ये ‘पेडोस्कोप’. १९५० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत अशी सुमारे १०,००० आणि ब्रिटनमध्ये सुमारे ३,००० यंत्रे असावीत, असा अंदाज केला जातो.

३/ हे वाचून त्या आयांच्या भोळेपणाचे हसू येणे सोपे आहे. पण त्या भोळ्या नव्हत्या. त्यांच्यापुढे एक खरा प्रश्न होता आणि तो आजही तसाच आहे : बूट नीट बसतो आहे की नाही, हे लहान मुलाला सांगता येत नाही. मग ते कोणी ठरवायचे? लहान मुलांच्या पादत्राणांचा इतिहास हा पुष्कळ अंशी या एका प्रश्नाचा इतिहास आहे.

४/ मुलाला सांगता येत नाही, याचे कारण केवळ त्याचे वय नव्हे. जन्मतः पायाची अनेक हाडे पूर्ण हाडे नसतातच. ती कूर्चेची, म्हणजे नाकाच्या शेंड्यासारख्या लवचिक द्रव्याची असतात आणि हळूहळू घट्ट होत जातात. पायाच्या कमानीच्या माथ्याशी असलेले नौकाकृती हाड तर साधारण तिसऱ्या वर्षाच्या आसपास घडू लागते. असा मऊ पाय अरुंद बुटात दुखण्याआधी दबतो. मूल तक्रार करीत नाही आणि पाय निमूटपणे बुटाचा आकार घेऊ लागतो.

५/ आता थोडे मागे जाऊ. सोळाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात उंच टाचेचे जोडे आले आणि त्यांच्याबरोबर एक विचित्र प्रथा रूढ झाली. जोडा ज्या लाकडी साच्यावर चढवून शिवतात त्याला आपल्याकडे कलबूत म्हणतात. टाचेच्या जोड्यासाठी डाव्या-उजव्या पायांची वेगळी कलबुते कोरणे खर्चिक होते. म्हणून दोन्ही पायांना एकच सरळ कलबूत वापरले जाऊ लागले. सुमारे दोनशे वर्षे युरोपातल्या बहुतेक जोड्यांना डावा-उजवा हा भेदच नव्हता. तळ सारखा झिजावा म्हणून जोडे अधूनमधून अदलून घालीत. पायाला बाक आहे, तो दुसऱ्या पायाचे आरशातले प्रतिबिंब आहे, ही उघड गोष्ट धंद्याच्या सोयीपुढे दोन शतके दिसेनाशी झाली.

६/ मापाचीही तीच गत. आज भारतात बुटावर छापलेला ‘यूके नंबर’ हा जवाच्या दाण्याचा वंशज आहे. इंग्रजी पद्धतीत एक नंबर म्हणजे एक जव, अर्थात इंचाचा तिसरा हिस्सा. मुलांचा शून्य नंबर चार इंचांवर धरायचा, तेथून तेरापर्यंत मोजायचे आणि मग पुन्हा एकपासून मोठ्यांचे नंबर सुरू करायचे. तेरा नंबरच्या बुटानंतर मुलाला एक नंबरचा बूट का लागतो, या कोड्याचे उत्तर हे. पण मुद्दा वेगळा आहे : हा नंबर कलबुताची लांबी सांगतो. पायाच्या रुंदीविषयी, चवड्याच्या जाडीविषयी, बोटांच्या पसाऱ्याविषयी तो मुका आहे.

७/ या स्थितीवर पहिला मोठा आवाज उठवला तो पेट्रस कॅम्पर या डच शरीररचनाशास्त्रज्ञाने. १७८१ साली त्याने ‘सर्वोत्तम बूट’ या विषयावर प्रबंध लिहिला. इतक्या क्षुल्लक विषयावर एवढा मोठा विद्वान लिहितो कसा, असे समकालीनांना वाटले. कॅम्परची तक्रार मात्र मार्मिक होती. घोड्यांच्या, खेचरांच्या आणि बैलांच्या खुरांचा विचार थोर थोर माणसांनी केला, माणसाच्या पायाचा मात्र कोणीच केला नाही. चालताना पाऊल लांबते, म्हणून उभे राहून अचूक बसणारा बूट चालताना आखूड पडतो, हेही त्याने नोंदवले. वाढत्या मुलाच्या बाबतीत हे दुहेरी खरे आहे.

८/ कॅम्परनंतर पाऊण शतकाने झुरिकच्या गेओर्ग हेर्मान फॉन मायर याने त्या तक्रारीला भूमितीचा आधार दिला. (पुढे १८६७ साली हाडांच्या आतल्या जाळीदार रचनेचे नियम मांडणाऱ्या निबंधामुळे शास्त्राच्या इतिहासात ओळखला जातो तो हाच मायर.) १८५८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या बुटाच्या योग्य आकारावरील पुस्तिकेचे सार एका रेषेत सांगता येते. अंगठ्याच्या मध्यातून मागे काढलेली रेषा निरोगी पायात टाचेच्या मध्यातून जाते. बुटाच्या तळावरही ती तशीच गेली पाहिजे.

९/ हे इतके साधे वाटते की त्यातली धग लक्षात येत नाही. त्या काळच्या बुटाचे टोक मध्यावर निमुळते होत असे. आजही पुष्कळ बुटांचे होते. पाय मात्र मध्यावर निमुळता नसतो. त्याचे सर्वांत पुढचे टोक बहुधा आतल्या बाजूला, अंगठ्याशी असते. निमुळत्या टोकात शिरण्यासाठी अंगठ्याला करंगळीच्या दिशेने झुकावे लागते. मोठ्या माणसाचा अंगठा असा ढकलला गेला की दुखतो. मुलाचा अंगठा वळतो, आणि वळलेलाच वाढतो.

१०/ मायरच्या पुस्तिकेचा इंग्रजी अनुवाद १८६० च्या सुमारास निघाला आणि हा विचार सुशिक्षित इंग्रज वर्गात पसरला. १८८३ साली इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातल्या क्लार्क्स या कंपनीने पायाच्या आकाराचे ‘आरोग्यदायी’ बूट बाजारात आणले. येथे एक वळण आहे. ‘आरोग्य’ हा शब्द डॉक्टरांच्या पुस्तकातून जाहिरातीत आला. शब्द बाजारात आला की तो कोणालाही वापरता येतो.

११/ पहिल्या महायुद्धाने हा शब्द अधिक जड केला. सैन्यभरतीत पायाच्या दोषांमुळे तरुण नाकारले जाऊ लागले आणि ‘सपाट पाय’ ही राष्ट्रीय चिंतेची बाब झाली. त्याच सुमारास बॉस्टनचा डॉक्टर जेकब लो याने जखमी सैनिकांचे पाय बूट न काढता तपासता यावेत म्हणून फ्लोरोस्कोपची एक मांडणी केली. युद्ध संपले. लोने तेच यंत्र बुटांच्या दुकानांसाठी बदलले, १९१९ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १९२७ साली ते त्याला मिळाले. पेटंटचे हक्क मिलवॉकीच्या एड्रियन कंपनीकडे गेले. ब्रिटनमध्ये त्याच दशकात पेडोस्कोप कंपनीने आपले यंत्र आणले.

१२/ यंत्राची जाहिरात कोणाला उद्देशून होती, हे पाहण्याजोगे आहे. ती आईला उद्देशून होती. चुकीच्या मापाने मुलाचे पाय कायमचे बिघडतील, चांगली आई नशिबावर विसंबत नाही, शास्त्रावर विसंबते, असा तिचा सूर. जॅकलिन डफिन आणि चार्ल्स हेटर या इतिहासकारांनी २००० साली या यंत्राचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी यावरच बोट ठेवले आहे. यंत्राचे खरे काम माप घेण्याचे नव्हते. बूट विकण्याचे होते, आणि शास्त्रावर श्रद्धा ठेवणाऱ्या मातृत्वाला त्याने हाताशी धरले होते.

१३/ मापाच्या कामी ते मुळातच लंगडे होते. एक्स-रेत हाडे दिसतात, बुटाचे खिळे आणि टाक्यांच्या रेषा दिसतात; चामडे आणि पायाचे मांस अंधुकच राहते. बूट चावतो तो मांसाला आणि कूर्चेला. सर्वांत लहान मुलांच्या पायात तर हाडेच अर्धवट घडलेली, म्हणजे जिथे मापाची सर्वांत अधिक गरज तिथेच चित्र सर्वांत अपुरे. त्यातून चित्र वरून पाहिलेले, सपाट. चवड्यावर बूट किती दाबतो, हे त्यातून कळणार कसे?

१४/ गंमत अशी की त्याच दशकात याहून बरे साधन तयार झाले होते. अमेरिकेतल्या सिराक्यूजमध्ये वडिलांच्या बुटांच्या दुकानात काम करणाऱ्या चार्ल्स ब्रॅनॉक या तरुणाने मुलांच्या जोडणीच्या खेळण्याचे धातूचे तुकडे जुळवून मापपट्टीचा पहिला नमुना केला. टाच खोबणीत टेकवायची आणि सरकत्या पट्ट्यांनी तीन मापे घ्यायची : पूर्ण लांबी, रुंदी आणि टाचेपासून चवड्याच्या सांध्यापर्यंतचे अंतर. शेवटचे माप महत्त्वाचे, कारण बूट वाकतो तो तिथेच. पाय एका ठिकाणी आणि बूट दुसऱ्याच ठिकाणी वाकू लागला तर नंबर बरोबर असूनही बूट चुकतो. या पट्टीला वीज लागत नव्हती. तिच्यात पाहण्यासारखेही काही नव्हते. बहुधा म्हणूनच तिची जाहिरात त्या पेटीइतकी गाजली नाही.

१५/ पेटीचा शेवट मुलांच्या पायांमुळे नव्हे, अणुबॉम्बमुळे जवळ आला. हिरोशिमानंतर किरणोत्साराकडे पाहण्याची लोकांची दृष्टी बदलली. १९४६ साली अमेरिकन मानक संस्थेने मर्यादा आखली : पाच सेकंदांच्या एका पाहणीत पायाला २ राँटजेनपेक्षा अधिक मात्रा नको, आणि कोणत्याही मुलाची वर्षात १२ पेक्षा अधिक वेळा पाहणी नको. ही मर्यादासुद्धा आज पायाच्या एका साध्या एक्स-रेला लागणाऱ्या मात्रेच्या कितीतरी पट आहे. शिवाय बारा वेळा झाल्या की नाही, हे मोजणार कोण? मूल एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जात होते आणि नोंद कोठेच होत नव्हती.

१६/ १९४९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये या यंत्रांच्या धोक्याविषयी लेख आले. दुकानांतली प्रत्यक्ष मापे घेतली तेव्हा अनेक यंत्रे ठरवलेल्या मर्यादेबाहेर असल्याचे आढळले. सर्वांत अधिक धोका मुलांपेक्षाही दुकानातल्या नोकरांना होता. ते दिवसभर यंत्राशेजारी उभे असत आणि पुष्कळदा किरणांच्या मार्गात हात घालून बूट दाबून पाहत. १९५७ साली पेनसिल्व्हेनिया या राज्याने यंत्रावर बंदी घातली. तशी बंदी घालणारे ते अमेरिकेतले पहिले राज्य. इतर राज्ये मागोमाग आली. तरीही पश्चिम व्हर्जिनियातल्या एका दुकानात १९८१ साली असे एक यंत्र वापरात आढळले. ज्या लाखो मुलांनी त्या फटीत पाय घातले त्यांचे पुढे काय झाले, याचा हिशेब लागू शकत नाही, कारण कोणी नावेच लिहिली नव्हती.

१७/ यंत्र गेले, पण त्यामागची समजूत राहिली. मुलाचा पाय आपणहून नीट वाढणार नाही, बुटाने त्याला आधार देऊन वळण लावले पाहिजे, ही ती समजूत. विसाव्या शतकात घोट्यापर्यंत उंच, ताठ तळाचे, आतून कमानीला उचल देणारे ‘सुधारक’ बूट लाखो मुलांनी घातले. बहुतेकांचा दोष एकच : सपाट पाय.

१८/ पण लहान मुलाचा पाय सपाट असणे हा दोष आहे का? १९८७ साली लिन स्टाहेली आणि सहकाऱ्यांनी सर्व वयांच्या ८८२ निरोगी पावलांचे ठसे तपासले. तान्ह्या मुलांत सपाट पाय हाच नियम निघाला. कमान वयाच्या पहिल्या दहा वर्षांत आपोआप घडत जाते, असे त्यातून दिसले. १९८९ साली अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातून डेनिस वेंगर आणि सहकाऱ्यांचा अहवाल आला. एक ते सहा वर्षांच्या १२९ मुलांचे त्यांनी गट पाडले. काहींना सुधारक बूट, काहींना टाचेचा पेला, काहींना साच्यातून खास घडवलेला आधार, आणि एका गटाला काहीच नाही. तीन वर्षांनी पाहिले तर सर्वच गटांचे पाय सुधारले होते; काहीच न दिलेल्या गटाचेही तेवढेच. जे बूट वर्षानुवर्षे गुण देत होते, त्यांनी दिलेला गुण खरे तर मुलाच्या वयाचा होता.

१९/ मग पायाची स्वाभाविक वाढ पाहायची कोठे? हा प्रश्न १९०५ सालीच विचारला गेला होता, जरा लाजिरवाण्या मार्गाने. १९०४ च्या सेंट लुईस जागतिक प्रदर्शनात फिलिपिन्स आणि आफ्रिकेतली माणसे ‘आदिम’ म्हणून प्रेक्षकांपुढे मांडली होती. फिल हॉफमन या अमेरिकी डॉक्टरने त्यांचे अनवाणी पाय तपासले. पसरलेली बोटे, टाच आणि अंगठा सरळ रेषेत, आणि बूट वापरणाऱ्यांत सर्रास दिसणाऱ्या विकृतींचा अभाव. ज्यांना मागासलेले म्हणून दाखवले जात होते, मायरची रेषा त्यांच्याच पायांत शाबूत होती. १९५८ साली हाँगकाँगमध्ये हीच तुलना एकाच समाजात झाली. बूट वापरणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांचा अंगठा बाहेर वळलेला होता. नावांवर राहणाऱ्या अनवाणी लोकांत हे प्रमाण शंभरात जेमतेम दोन निघाले.

२०/ यावरून अनवाणीपणाचे गोडवे गाऊ नयेत. १८९८ साली कैरोत आर्थर लूस याच्या हातावर अळ्या असलेल्या पाण्याचा थेंब पडला आणि हूकवर्म, म्हणजे अंकुशकृमी, त्वचेतून शरीरात शिरतो हा शोध लागला. अमेरिकेच्या दक्षिणेत अनवाणी फिरणारी शाळकरी मुले या कृमीने पांढरी पडत होती, वर्गात पेंगत होती. १९०९ साली रॉकफेलरांच्या दहा लाख डॉलरच्या देणगीतून सुरू झालेल्या मोहिमेत औषध आणि शौचकूप यांच्या जोडीला पायातल्या बुटांचाही उपदेश होता. पायाला बूट हवा, तो या कारणासाठी : काटा, काच, कृमी, तापलेली जमीन. संरक्षण हे बुटाचे खरे काम. घडवण्याचे काम त्याच्याकडे नंतर सोपवले गेले.

२१/ या वादातला एक महत्त्वाचा पुरावा भारतातून आला. १९९२ साली उदय भास्कर राव आणि बेंजामिन जोसेफ यांनी ४ ते १३ वयाच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे घेऊन केलेली पाहणी प्रसिद्ध केली. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट पायाचे प्रमाण शेकडा ८.६ निघाले, अनवाणी मुलांत शेकडा २.८. बंद बूट घालणाऱ्यांत ते सर्वाधिक होते. सँडल आणि चप्पल घालणाऱ्यांत त्याहून कमी. एकाच देशात दोन्ही प्रकारची मुले इतक्या मोठ्या संख्येने सापडणे युरोपात तेव्हा अशक्यच होते. चप्पल पायात टिकवायला बोटांना सतत काम करावे लागते, पायाचे छोटे स्नायू जागे राहतात. बंद बुटात त्यांना करण्यासारखे काही उरत नाही. लेखकांचा तर्क असा होता. ठशांची पाहणी कारण सिद्ध करीत नाही, हे खरे. शिवाय बहुतेक सपाट पाय दुखतही नाहीत. पण १९९५ साली १,८४६ प्रौढांच्या पाहणीतही सोळा वर्षांनंतर पादत्राणे वापरू लागलेल्यांत सपाट पाय कमी आढळले.

२२/ १९९१ साली स्टाहेलीने उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन मुलांच्या बुटाची जी लक्षणे सांगितली ती कॅम्परला परकी वाटली नसती. बूट हाताने सहज वाकावा, आणि तोही चवड्यापाशी. तळ सपाट असावा, टाच उंच नसावी. पुढे बोटे पसरायला जागा असावी. तळाची पकड अनवाणी तळव्याइतकी असावी. फार घसरणारा आणि फार चिकटणारा, दोन्ही तळ मुलाला पाडतात. ‘सुधारक बूट’ हा शब्दच चुकीचा आहे, असे त्याने स्पष्ट लिहिले.

२३/ दुकानात हे पाहणे अवघड नाही. मुलाला उभे करावे, कारण बसल्यावर पाय आखडतो. दोन्ही पाय मोजावेत आणि मोठ्या पायाचे माप धरावे. सर्वांत लांब बोटापुढे मोठ्या माणसाच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी मोकळी जागा सोडावी. दोन वर्षे पुरावा म्हणून दोन नंबर मोठा बूट घेतला तर पाय आत पुढे सरकतो, बोटे आखडून त्याला धरू पाहतात आणि बूट वाकतो ते ठिकाण पायाच्या सांध्याशी जुळत नाही. आपल्याकडे जूनमध्ये शाळेचे बूट घेताना हे हमखास घडते, आणि त्यामागे अज्ञानापेक्षा खिशाचे गणित अधिक असते.

२४/ गावोगावचे चर्मकार माप घेताना जाड कागदावर पाय ठेवायला लावून भोवती पेन्सिल फिरवीत. मायरच्या रेषेलाही याहून अधिक साहित्य लागत नाही. मुलाच्या पायाची ती आकृती कापून घ्यायची, बुटाचा आतला तळ सुटा निघत असेल तर काढून तिच्याशेजारी ठेवायचा, आणि अंगठ्याच्या मध्यातून टाचेच्या मध्यापर्यंत दोन्हींवर एकेक रेघ मारायची. बाजारातल्या बऱ्याच शाळकरी बुटांत ती रेघ तळाच्या कडेबाहेर जाते.